आकडा म्हणतो चौऱ्याऐंशी

कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारा माणूस म्हणजे जगाला फुकटचा मेकॅनिक वाटतो. लग्नाला जा, बारशाला जा, कुणी ना कुणी कोपऱ्यात ओढून विचारणारच, "आमचा प्रिंटर कागद खातो हो, बघता का जरा?" अरे बाबांनो, मी बँकांच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करणारा माणूस. तुमच्या प्रिंटरशी माझा काय संबंध? पण बोलायची सोय नाही. बोललं की लगेच म्हणणार, पुण्याचा ना, खवचटच असणार.

म्हणून नव्व्याण्णव साली बंगळूरला चामराजपेटेत श्रीधररावांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी मी ठरवून टाकलं की खालच्या हॉलमधला कॉम्प्युटर आपल्याला दिसलेलाच नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतून कंपनीची बस निघाली की होसूर रोडची धूळ खात यायचं, आणि घरी येऊन पुन्हा कुणाचा तरी डबा उघडून बसायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

श्रीधररावांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही. साठीच्या आसपासचे, शिडशिडीत, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. चिकपेटेत त्यांचं शिंपीकामाच्या सामानाचं दुकान होतं. गुंड्या, लेस, अस्तर, हूक, दोऱ्याची रिळं. आजोबांनी काढलेलं. ही माणसं पाच पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेली. अण्णांनी सातारा पाहिलेला नव्हता. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. "अवधूता, स्वल्प बस की. कॉफी घेऊनच जा की." त्यांच्याशी उद्धटपणा करणं फार अवघड जायचं, आणि मला तर त्याची चांगली सवय होती.

घरात अण्णा एकटे. त्यांची बायको सुलभाअक्का पुण्याला गेलेली. मुलगा निहार कोथरूडला राहायचा, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सून स्मिता बँकेत. अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला सुनेचं बाळंतपण म्हणून अक्का तीन महिन्यांसाठी गेल्या. मग सुनेची रजा संपली. मग पाळणाघरात पोर आजारी पडली. मग काय काय झालं. मी राहायला आलो तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं, आणि अण्णा मला सांगत होते, "पुढल्या महिन्यात येईल की."

आता एक गंमत सांगतो. संध्याकाळी दुकान बंद करून येताना अण्णा रोज हातभर मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ घेऊन यायचे. अर्धी देवाला. उरलेली अर्धी आरशाच्या खिळ्याला लटकायची आणि तिथेच वाळायची. मी एकदा विचारलं, "अण्णा, घरात बाईमाणूस नाही, रोजचा गजरा कुणाला?" तर म्हणाले, "बंद केलं तर फुलवाली विसरेल रे. मग सुलभा आल्यावर पुन्हा ओळख करून द्यायला नको?" मी कॉफी संपवून वर गेलो.

तो कॉम्प्युटर निहारने बनवलेला. मे महिन्यात एकटाच चार दिवस आला होता, एस. पी. रोडवरून एकेक भाग आणून हॉलमध्ये जमिनीवर बसून जोडला. "एसटीडीवर कशाला पैसे घालवता अण्णा, रविवारी चॅट करू." आत प्रोसेसर किती तापलाय ते मोजणारी सोय होती, आणि तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सारखा दिसायचा. सत्तरच्या वर गेला की मशीनने आधी बोंब मारायची आणि मग स्वतःच बंद पडायचं, अशी व्यवस्थाही त्याने करून ठेवली होती. हुशार मुलगा. मग तो पुण्याला गेला, आणि दर रविवारी संध्याकाळी अण्णा एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायला लागले.

तिकडून टाइप करायचा निहारच. अक्का त्याच्या शेजारी बसायच्या म्हणे. अण्णा विचारायचे, आई काय म्हणते? निहार लिहायचा, आई मजेत आहे, इथे छान रमलीय, तुम्ही कसे आहात? अण्णा लिहायचे, मजेत. तो एक शब्द लिहायला त्यांना चांगला वेळ लागायचा.

दसरा झाला आणि त्या मशीनचं बिनसलं. रविवारी खालून आगीच्या बंबासारखा आवाज यायचा आणि मग सगळं गप्प. पहिल्या वेळी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वेळी उशी कानावर घेतली. नंतर अण्णांनी एस. पी. रोडवरून कुणाला तरी आणलं. त्याने मोठा पंखा बसवला, पैसे घेतले, आणि जाताना म्हणाला, हे वाय टू के आहे, जानेवारीनंतर आपोआप बरं होईल. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या गोष्टीसाठी मी महिनोन्‌महिने डोळे फोडत होतो, तिचं नाव हा मनुष्य पंखा विकायला वापरत होता. केवळ त्या रागापोटी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेलो.

रविवारची संध्याकाळ होती. अण्णा चॅट करत होते, समोर टेबलफॅन उघड्या डब्यावर सोडलेला, आणि कोपऱ्यातला आकडा अडुसष्ट. बघता बघता एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. बोंब झाली, पडदा काळा.

"बघ की," अण्णा म्हणाले. "मागल्या रविवारी तर सुरू केल्या केल्या चौऱ्याऐंशी झालं होतं."

मी डब्यात हात घालणार इतक्यात फोन वाजला. इंटरनेट चालू असेतो तीच लाइन अडकलेली असायची. मशीन बंद पडलं की ती मोकळी. अण्णांनी दुसरी रिंग होऊ दिली नाही. "हां, सुलभा. काही नाही ग, बंद पडलं बघ. मला काय झालंय? बरा आहे की. जेवलो. सारू-भात. तोंडल्याची पल्ल्या केली होती. नाही ग, खोकला गेला." मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा. मनात म्हटलं, माणूस मदतीला आलाय आणि हे तोंडल्याच्या भाजीवर बोलतायत.

फोन संपल्यावर कामाला लागलो. प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता बाहेर टाकायला पत्र्यांचा एक ठोकळा असतो, त्याला बोट लावलं. कोमट. चहाचा कप बाजूला ठेवून विसरलो तर होतो तितका. एकाहत्तर असता तर बोट लगेच मागे घेतलं असतं. म्हणजे आकडा खोटा बोलत होता, एवढं तर कळलं. पण खोटं कुठून येत होतं ते काही कळेना.

पहिला संशय त्या मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर. तो काढून टाकला, पुन्हा टाकला. आकडा तोच. मग मशीन सुरू होताना जी मूळ निळी स्क्रीन येते, जिथे कुठलाच प्रोग्रॅम चाललेला नसतो, तिथे पाहिलं. तिथेही तोच आकडा. म्हणजे प्रोग्रॅम बिचारा जे कानावर येत होतं तेच सांगत होता. मी अण्णांना म्हटलं, "रात्रभर हे बंद ठेवा. सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी येतो. तोवर हात लावायचा नाही."

डिसेंबरची सकाळ. बंगळूरची थंडी पुणेकराला थंडी वाटत नाही, पण त्या दिवशी मीसुद्धा स्वेटर घातला होता. मशीन सुरू केलं, आणि पहिल्या क्षणाला आकडा आला साठ. रात्रभर थंडीत पडलेलं लोखंड, आणि सुरू होता होता साठ? अण्णांच्या घरात ताप बघायचा थर्मामीटर होता. तो मी कालच्या ठोकळ्याला टेकवून ठेवला. पारा जागचा हलला नाही. अण्णा मागे उभे राहून काळजीने म्हणाले, "ताप नाही ना?" मी म्हटलं, "तुमच्या मशीनला काहीही झालेलं नाही. ताप मोजणाऱ्याला झालंय."

मोजणारा म्हणजे मोहरीएवढा एक मणी असतो. दोन बारीक तारांवर, प्रोसेसरच्या कुशीला टेकून उभा. तापला की त्याच्यातून वीज जास्त जाते, तेवढ्यावरून मशीन आकडा काढतं. टॉर्च मारून वाकून बघितलं तर मणी दिसेना. त्याच्या जागी लाल-पिवळा लगदा, आणि त्यात चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

"अण्णा, हे काय आहे?"

"कुंकू की," अण्णा म्हणाले, जणू ह्यात विचारायचं काय. "आयुधपूजा नाही का झाली? दुकानात कात्रीला लावतो, वजनाला लावतो, मोजपट्टीला लावतो. ह्यालाही लावलं."

"पण आत?"

"मग बाहेर काय आहे? बाहेर पत्रा आहे. मशीन आत आहे. पडद्याला कुंकू लावून देवाला पोचतं काय रे?"

दर दसऱ्याला घरातली पूजा अक्का करायच्या. शिलाई मशीनला, पंख्याला, मिक्सरला, बोटाच्या टोकाने एकेक टिकली. ह्या वर्षी अण्णांनी केली, पहिल्यांदाच, आणि काही राहून जाऊ नये म्हणून हळद-कुंकू-गंध भरपूर पाण्यात कालवून मशीनच्या काळजापर्यंत पोचवलं. तो ओला लगदा मण्याच्या दोन्ही तारांवर बसला, त्यातून वीज पाझरायला लागली, आणि मशीनची समजूत झाली की आत आग लागलीय. मी चिडायचं ठरवलं होतं, पण हसूच फुटलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि तो मणी साफ केला. अण्णा म्हणाले, "कुंकू पुसू नये रे." मी म्हटलं, "पुसत नाही, धुतोय." पुन्हा सुरू केलं. चोवीस. थोडा वेळ चालवलं तर पस्तीस, आणि तिथेच थांबलं.

खरं सांगतो, शाबासकीची अपेक्षा होती. अण्णा आकड्याकडे पाहत राहिले आणि "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. एवढंच. मग आत जाऊन कॉफी टाकली.

पुढच्या रविवारी चॅट शेवटपर्यंत चाललं. मी मुद्दाम खाली येऊन बसलो होतो, आपलं काम बघायला. निहारने नातीचे पराक्रम लिहिले. सिद्धी आता जिना चढते, सिद्धीने रेडिओ पाडला. आई मजेत. अण्णा मजेत. चॅट संपलं. अण्णांनी इंटरनेट बंद केलं आणि फोनपाशी जाऊन बसले. मी पेपर वाचत होतो. बराच वेळ ते तसेच बसून होते, मग उठून तांदूळ धुवायला गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच.

मग एक दिवस जिन्यावर मला अडवून हळूच म्हणाले, "अवधूता, ते पहिल्यासारखं करता येईल काय रे?"

"काय पहिल्यासारखं?"

"बंद पडायचं ते."

मी ताडकन बोललो. म्हणालो, "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? सकाळी थंडीत मी तुमच्या त्या डब्यात डोकं घालून बसलो, ते पुन्हा बिघडवायला?" आणखीही बोललो बरंच. ते ऐकून घेत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "बंद पडलं की ती घाबरून फोन करायची. आवाज ऐकायला मिळायचा. आता तो लिहितो, मी वाचतो. ती कुठे आहे त्यात?"

"मग तुम्ही करा ना फोन," मी म्हटलं.

"काय म्हणून करू? ती तिथं रमलीय. मजेत आहे. मी फोन केला की तिला वाटणार, मला जड जातंय. मग तिकडचं सोडून येणार. पोरांचे हाल."

"आणि तुम्हाला जड जात नाही?"

अण्णांनी कठडा धरला. "जातं की," ते म्हणाले. "फार जातं. घरात आलो की पहिलं नाव तिचं येतं तोंडात. आतून उत्तर येत नाही, मग आठवतं."

आता माझा स्वभाव तिरसट आहे, पण धंदा माझा तपासायचा आहे. मी म्हटलं, "अण्णा, अक्का मजेत आहेत हे तुम्हाला कोण सांगतं? निहार. आणि तुम्ही मजेत आहात हे त्यांना कोण सांगतं? तोच. त्याला जे सांगाल ते तो लिहिणार. एकदा स्वतः हात लावून बघा. निहार आणि स्मिता ऑफिसात असतील तेव्हा, दुपारी फोन करा."

त्यानंतरच्या रविवारी कंपनीत राबलो होतो, त्याची भरपाई म्हणून मला मंगळवारी सुट्टी मिळाली. अण्णा दुपारी दुकान बंद करून आले. दुपारचं दुकान बंद करणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा होता. त्यांचे वडील गेले तेव्हाच काय ते केलं असेल. मी उठून वर जायला निघालो तर म्हणाले, "बस की. तू असलास तर मी ठेवून देणार नाही फोन."

नंबर फिरवला.

"सुलभा, मी ग. नाही, काही झालं नाही. दुकानातून आलो. नाही ग, बरा आहे, छातीत काही नाही. कॉम्प्युटरही चांगला आहे. उगीच केला." मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "उगीच नाही केला. सुलभा, घरी ये की."

अण्णांनी दोनदा हॅलो म्हटलं. मग ते ऐकत राहिले. "हां," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "हां." मग, "कधी?" मग, "मग उघडलीस काय?" शेवटी म्हणाले, "सरी. सरी ग. रडू नको. पोर उठेल."

फोन ठेवून ते तसेच खाली बसले, भिंतीला टेकून. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"गेल्या वर्षी दिवाळीला बॅग भरली होती म्हणे तिनं," अण्णा म्हणाले. "निहारला सांगितलं, अण्णांना विचार, येऊ काय. त्यानं मला फोनवर विचारलं होतं रे, आठवतंय मला. अण्णा, तिकडं काही अडचण आहे काय? मी म्हटलं, काही अडचण नाही, मजेत आहे. त्यानं तिला तेच सांगितलं. तिनं बॅग उघडून लुगडी परत कपाटात ठेवली. म्हटली, मला वाटलं तुम्हाला सवय झाली."

"मग आता येतायत ना?"

"नाही." अण्णांनी मान हलवली. "आता सिद्धी सोडत नाही तिला. कान धरून झोपते म्हणे तिचा. दुसऱ्या कुणाकडे झोपतच नाही. सुलभा म्हणाली, तेव्हा नुसतं ये म्हटलं असतं तर धावत आले असते, आता हिला टाकून कशी येऊ?" त्यांनी डोळे पुसले, आणि पुसलेले लपवले नाहीत. "तिला यायचं होतं रे अवधूता. एक वर्ष ती माझ्या बोलावण्याची वाट बघत होती, आणि मी इथं तिच्या येण्याची."

मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळाने अण्णांनी ते पाणी पिऊन टाकलं.

"पुण्यात शिंपी लोक सामान कुठून घेतात रे?"

"रविवार पेठेतून," मी म्हटलं. "का?"

"गुंड्या, लेस, अस्तर? सगळं?"

"सगळं."

"चिकपेटेतलं दुकान द्यायचं म्हटलं तर घ्यायला शेजारचा तयार आहे. कधीचा मागे लागलाय." ते थोडा वेळ स्वतःशीच काहीतरी मोजत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "ह्या वयात तिथं जाऊन बसलो, तर माझ्या बोलण्याला हसतील काय रे लोक?"

पुण्याबद्दल खोटं कसं बोलणार? "हसतील," मी म्हटलं.

"तिलाही हसत असतील की," अण्णा म्हणाले. "दोन वर्षं एकटीला हसतायत. आता दोघांना हसू देत."